सोन्याच्या घड्याळाचं मोल

मुंबईच्या दिंडोशीतल्या एखाद्या घरी कपाट आवरताना आजोबांचं सोन्याचं मनगटी घड्याळ हाती लागलं, तर आपण आधी सराफाकडे धावतो. संग्राहक आधी तबकडी पाहतो. समारंभात घालायची ही घड्याळं पातळ, चावीची, बहुधा 33-35 मिलिमीटरची. त्यांत सोनं तसं थोडंच. भाव चढतो तो दुर्मीळपणामुळे आणि अस्सलपणामुळे.

अस्सलपणाच्या बाबतीत मुंबईचं नाव जगभरच्या संग्राहकांत जरा बदनाम आहे. फाव्र-ल्यूबा, एचएमटी या कंपन्यांची जुनी यंत्रं नव्याने रंगवलेल्या भडक तबकड्या लावून इथून विकली जातात. त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. चालतात बरी, पण दर्दी माणूस त्यांना हात लावत नाही. भिंगातून पाहिलं की अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा वाकड्या.

मागचं झाकण घड्याळजीकडूनच उघडावं. आत 1882 ते 1995 या काळातला स्विस छाप असेल, तर 18 कॅरटवर स्त्रीचं मुख आणि 14 कॅरटवर खार दिसते. ‘20 मायक्रॉन’ लिहिलं असेल, तर तो नुसता मुलामा. आणि हौसेने पॉलिश मात्र करू नका: छाप पुसट होतात, कडा गोलावतात आणि गिऱ्हाईक तिथेच भाव पाडतं.