पू न धरणारी जखम

बाळाची नाळ साधारणतः बारशाच्या आगेमागे वाळून गळून पडते, हे अंधेरी-बोरिवलीतल्या आज्यांना कोणी शिकवावे लागत नाही; परंतु तीन-चार आठवडे लोटले तरी ती बेंबीशी चिकटून राहिली असेल, भोवती लाली चढली असेल आणि तरीही पू दिसत नसेल, तर त्या पू नसण्याचे समाधान न मानता बाळाला तत्काळ बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे. ल्यूकोसाइट ॲढीजन डेफिशियन्सी, संक्षेपाने 'लॅड', हा जो आनुवंशिक विकार दहा लाख जन्मांमागे सुमारे एका बालकात आढळतो, त्याची पहिली खूण पुष्कळदा हीच असते.

या विकारात पांढऱ्या पेशींची वाण नसते; उलट प्रौढ माणसात घनमिलिमीटरला 4 ते 11 हजार असणारी त्यांची संख्या या बालकांत संसर्गाच्या वेळी लाखापर्यंतही चढते, आणि तो अहवाल पाहून आईबापांना रक्ताच्या कर्करोगाची धास्ती बसते. वस्तुतः या विकाराच्या पहिल्या प्रकारात दोष असतो तो पेशींच्या पृष्ठभागावरील 'सीडी-18' या प्रथिनात. त्याच्या आधारे निरोगी पेशी रक्तवाहिनीची भिंत धरून, तिच्यातून पार होऊन जखमेपाशी पोहोचतात. ते नसले म्हणजे घाटकोपरच्या फलाटासमोरून न थांबता धावणाऱ्या गाडीतील उतारूंप्रमाणे त्या पुढेच वाहून जातात. पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी झुंजून मेलेल्या याच पेशी. त्या पोहोचल्याच नाहीत, तर पू होणार कोठून?

परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा विकारांवर संशोधन चालते. तेथील संशोधकांनी 'लॅड'च्या रुग्णांचा वृत्तांत 2012 साली 'इंडियन पीडिॲट्रिक्स'मध्ये प्रसिद्ध केला. निदानासाठी 'फ्लो सायटोमेट्री' या तपासणीने थोड्याशा रक्तावरून सीडी-18 मोजता येते.

येथे एक विलक्षण योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 साली ज्या रक्तगटाची जगाला ओळख करून दिली आणि ज्याला आपल्या शहराचे नाव मिळाले, तोच 'बॉम्बे रक्तगट' 1992 साली इस्रायलमध्ये 'लॅड'चा दुसरा प्रकार प्रथम आढळलेल्या दोन बालकांच्या रक्तात निघाला. फ्यूकोज नावाची शर्करा पेशीत योग्य जागी पोहोचत नसल्याने रक्तगटाची खूण आणि पांढऱ्या पेशींची पकड, दोन्हीही एकदम बिघडतात. अर्थात बॉम्बे रक्तगटाच्या एरवीच्या निरोगी माणसांनी यावरून घाबरण्याचे मुळीच कारण नाही.

पहिल्या प्रकारच्या तीव्र रूपात प्रतिजैविकांनी केवळ वेळ मिळतो. खरा उपाय अस्थिमज्जा-प्रत्यारोपण, आणि ते लवकर झाले तर. ज्या शहरात टाटा रुग्णालयाने 1983 साली देशातील पहिले प्रत्यारोपण केले, तेथे आता बोरिवली पूर्वेस महापालिकेचेच बालकांसाठी प्रत्यारोपण केंद्र आहे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. आईबाप दोघेही या दोषाचे वाहक असतात, म्हणून प्रत्येक गर्भारपणात चारांत एक इतका धोका राहतो. पहिले मूल तान्हेपणी संसर्गाने गेले असेल, तर ते दुःख मनात न कोंडता डॉक्टरांना सांगावे. कुटुंबातील नेमका जनुकीय दोष ठाऊक झाला, तर पुढील गर्भाची तपासणी गर्भारपणातच करता येते.