पडायला शिकलेले मूल

मे महिन्याच्या सुटीत माझी आठ वर्षांची नात पुण्याहून कोल्हारला आली होती. एके सकाळी अंगणात ती हातांवर उभी राहिलेली दिसली. पाय वर, डोके खाली. मी धावत गेलो आणि तिला चांगलाच रागावलो. "मान मोडली असती म्हणजे?" ती शांतपणे खाली उतरली आणि म्हणाली, "आजोबा, आमच्या ताईंनी आधी कितीतरी दिवस फक्त पडायलाच शिकवलंय."

तिच्या उत्तराने मी निरुत्तर झालो. आपण व्यापारी माणसे जोखीम टाळायला शिकलेलो असतो. मुलांच्या बाबतीतही हीच वृत्ती असते: झाडावर चढू नको, उडी मारू नको, पडशील. मूल पडत नाही हे खरे. परंतु ते शाळेत बाकावर, शिकवणीत खुर्चीवर आणि घरी मोबाईल घेऊन सोफ्यावर बसून राहते. मोठेपणी दुकानाची गादी ठरलेलीच. मग चाळिशीत मधुमेह आणि गुडघेदुखी आली की आपण आश्चर्य करतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी. त्यातही आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम असावा. जिम्नॅस्टिक्समध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. उडी मारून जमिनीवर उतरताना हाडांवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो आणि वाढत्या वयातील हाड त्या भाराला प्रतिसाद देत अधिक घट्ट होते. हाडांचा बहुतांश साठा विशीपर्यंतच जमतो. पुढे त्यातून खर्चच होतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही आवर्ती ठेव आहे आणि तिची मुदत बालपणातच असते. मुलींच्या बाबतीत तर हे विशेष महत्त्वाचे, कारण उतारवयात हाडे ठिसूळ होण्याचा त्रास स्त्रियांना अधिक होतो. आणि नेमक्या बाराव्या-तेराव्या वर्षी, जेव्हा हाडे वेगाने घडत असतात, तेव्हाच आपण मुलींचे खेळ बंद करतो.

दुसरा लाभ तोलाचा. कोलांटउडी घेताना, एका पायावर उभे राहताना कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय, डोळे, स्नायू आणि मेंदू यांचा मेळ बसतो. एक कृती लहान लहान पायऱ्यांत शिकणे, चुकणे, पुन्हा करणे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे, यातून चित्ताची एकाग्रताही वाढते. सामायिकाची ४८ मिनिटे ताठ बसण्यासाठी पाठीत बळ लागते. स्थानकात आज तरुणही खुर्ची शोधतात, हे आपण पाहतोच.

ही विद्या परकी नाही. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले. अमरावतीच्या १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना मल्लखांबाच्या प्रसारासाठी २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. एरंडेल चोळलेल्या खांबावर किंवा नुसत्या दोरीवर शरीर तोलणारी मुले-मुली पाहिली की यंत्रे आणि महागडे साहित्य किती कमी लागते हे कळते.

आगरतळ्याच्या दीपा कर्माकरचे उदाहरण बोलके आहे. तिचे तळपाय सपाट होते. जिम्नॅस्टसाठी ही मोठी उणीव. प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी चिकाटीने सराव करवून घेतला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्ट प्रकारात ती चौथी आली. कांस्यपदक केवळ ०.१५ गुणांनी हुकले. आपल्या मुलांनी ऑलिंपिकला जावे असे नव्हे. पण जन्मतः मिळालेले शरीर हा शेवटचा शब्द नसतो, एवढे त्यांनी अनुभवावे.

सावधगिरी मात्र हवीच. जाड मॅट आणि प्रशिक्षित शिक्षक नसतील तर उलट्या उड्या शिकवू नयेत. अंग बळजबरीने ताणणारा, वजनावरून मुलांना टोचून बोलणारा किंवा पालकांना वर्गात येऊ न देणारा शिक्षक टाळावा. दुखत असताना सराव नको. या खेळाने उंची खुंटते, ही भीती मात्र आठवड्यातून दोन-तीन तास खेळणाऱ्या मुलांबाबत अनाठायी आहे. ठेंगण्या बांध्याला हा खेळ सोपा जातो, म्हणून वरच्या पातळीवर तसे खेळाडू अधिक दिसतात.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न येतो, चौविहाराचा. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा संध्याकाळचा वर्ग असेल तर मूल उपाशी झोपते. त्यासाठी सकाळची किंवा शाळा सुटल्याबरोबरची वेळ मागून घ्यावी. डाळी, शेंगदाणे, दूध, पनीर, तीळ आणि नाचणी यांतून आवश्यक पोषण मिळू शकते. त्यासाठी कंदमुळांची गरज नाही. उपवास किंवा एकासणाच्या दिवशी सरावाला सुटी द्यावी.

कोल्हारसारख्या गावात सुसज्ज सभागृह नसेल, तरी पाठशाळेला मुले जमतातच. पाठशाळेपूर्वी अर्धा तास जवळच्या शाळेतील एखाद्या क्रीडाशिक्षकांना बोलवावे. बेडूकउड्या, दोरीला लोंबकळणे, एका पायावरचा तोल, एवढ्यापासून सुरुवात होईल. चार मॅट आणि शिक्षकांचे मानधन हा खर्च एखाद्या दात्याला सहज पेलणारा आहे.

नात परत जाताना मी तिला हातांवर उभे राहून दाखवायला सांगितले. या वेळी मी बाजूला उभा राहिलो आणि गप्प राहिलो. तेवढे शिकायला मला मात्र साठ वर्षे लागली.