घाटातील उतार आणि मागचा भार

गड नदी जेथे कालावल खाडीला मिळावयास येते, त्या परिसरात मालवण तालुक्यातील मसुरे हे गाव वसले आहे. माडांच्या बागा, भातशेतीचे मळे, भरतगडाची टेकडी आणि आंगणेवाडीचे श्री भराडी देवीचे देवस्थान यांमुळे हे गाव जिल्ह्याबाहेरही सुपरिचित आहे. कोल्हापूर, सांगली किंवा बेळगावकडून येथे यावयाचे, तर सह्याद्रीची धार उतरल्यावाचून गत्यंतर नाही. कोणी गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीला उतरतो, कोणी राधानगरी-दाजीपूर मार्गे फोंडा घाट उतरून कणकवली गाठतो, तर कोणी आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीमार्गे येतो. मार्ग कोणताही असो, घाटमाथा आणि तळकोकण यांमधील काही शे मीटरांची उंची थोड्याच किलोमीटरांत उतरावी लागते.

या वाटांवर आता एका नव्या वाहनाची भर पडू पाहत आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. निवासाची, स्वयंपाकाची व शौचालयाची सोय असलेली वाहने आणि ती उभी करण्यासाठी पाणी व वीज यांनी युक्त असे तळ, असे या धोरणाचे स्वरूप आहे. या वाहनांत स्वतःचे इंजिन असलेल्या गाड्या आहेत, तसेच मोटारीच्या मागे जोडून ओढावयाचे ट्रेलरही आहेत. जेथे मोठी हॉटेले नाहीत, अशा मसुऱ्यासारख्या गावी अशा वाहनांतून पर्यटक मुक्कामाला येऊ शकतील. मात्र फिरते घर मागे जोडून घाट उतरणे ही नेहमीची मोटार चालविण्याहून सर्वस्वी निराळी गोष्ट आहे, हे प्रथम ध्यानी घ्यावयास हवे.

चढ नव्हे, उतार कठीण

ट्रेलर घेऊन निघणाऱ्याला पहिली काळजी असते ती चढाची. इंजिन भार ओढील काय, ही त्याची शंका असते. ही काळजी अनाठायी नाही. तथापि चढावर इंजिन कमी पडले तर गाडी मंदावते, इंजिन तापते व थांबावे लागते. उतारावर ब्रेक कमी पडले तर थांबताच येत नाही. चढावरील चुकीची किंमत वेळेने भरून निघते, उतारावरील चुकीची निघत नाही. म्हणून घाटाची खरी तयारी उतारासाठी करावयाची असते.

यामागील गणित साधे आहे. मोटार व ट्रेलर मिळून वजन साडेतीन टन आहे आणि घाटाची उंची ५०० मीटर आहे, असे समजू. माथ्यापासून पायथ्यापर्यंत येताना या वजनात साठलेली सुमारे १७० लाख ज्यूल इतकी ऊर्जा कोठे तरी खर्च व्हावी लागते. एवढ्या ऊर्जेने साधारण ५८ लिटर पाणी ३० अंश सेल्सिअसपासून उकळीपर्यंत तापविता येईल. घरातील पाण्याचा मोठा बंब भरून तापावा, इतकी ही उष्णता आहे. तिचा काही भाग टायरांचे घर्षण व हवेचा विरोध यांत जातो. उरलेला भाग इंजिनाने तरी घेतला पाहिजे, नाहीतर ब्रेकांनी.

ब्रेकच्या लोखंडी तबकड्या ही उष्णता हवेत सोडतात, परंतु त्यांची शक्ती मर्यादित आहे. चालकाने पाय ब्रेकवर सतत टेकवून ठेवला, तर तबकड्या व त्यांवर घासणारे पॅड इतके तापतात की घर्षणच कमी होते. त्यापुढची अवस्था अधिक भयंकर असते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १४० अंशांची आहे. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, ते दाबले जातात आणि पायाखालचे पेडल मऊ पडून तळाला जाते. जुने तेल सपाट रस्त्यावर कुरकुर करीत नाही. त्याची परीक्षा घाटातच होते. कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या वाहनाचे तेल म्हणूनच वेळेवर बदलून घेणे अगत्याचे आहे.

वेगाचा निर्णय माथ्यावर

घाट उतरण्याची रीत जुन्या ट्रकचालकांना ठाऊक असते : ज्या गिअरमध्ये चढ चढावा लागेल, त्याच किंवा त्याहूनही खालच्या गिअरमध्ये उतरावे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. हा गिअर उतार सुरू होण्यापूर्वी, माथ्यावरच टाकावयाचा असतो. वेग वाढल्यावर गिअर उतरविण्याचा प्रयत्न फसला, तर गाडी काही काळ मोकळी सुटते. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडणे हा तर जिवावरचा खेळ होय. स्वयंचलित गिअरच्या गाडीतही खालचा टप्पा हाताने निवडण्याची सोय असते; तिचा उपयोग करावा. विजेवर चालणारी मोटार उतारावर ऊर्जा परत घेऊन वेग रोखते, परंतु बॅटरी माथ्यावरच पूर्ण भरलेली असेल, तर ही मदत फारशी मिळत नाही.

वेग निम्मा ठेवला, तर त्याच उतारावर दर मिनिटाला निर्माण होणारी उष्णताही निम्मी होते आणि ती हवेत निघून जाण्यास दुप्पट वेळ मिळतो. ब्रेक लावावा लागला, तर तो ठामपणे लावून वेग पुरेसा कमी करावा आणि मग पाय पूर्ण काढून घ्यावा. हलका पण अखंड दाब सर्वांत घातक होय. जळका वास आला, पेडल मऊ लागले किंवा चाकांतून धूर दिसला, तर रुंद व सुरक्षित जागा पाहून थांबावे. तापलेल्या तबकड्यांवर पाणी ओतू नये. लोखंड अचानक आकसून तडकण्याची भीती असते. वाट पाहणे हाच उपाय.

जोडणी व वजन

काही ट्रेलरांचे ब्रेक, ट्रेलर पुढील मोटारीला रेटू लागला की त्या रेट्यानेच लागतात. लांब उतारावर हा रेटा जवळजवळ अखंड असतो; त्यामुळे मोटारीचा चालक ब्रेकला स्पर्श न करताही ट्रेलरचे ब्रेक तापत राहतात. अशा ट्रेलरच्या चालकाने घाटात एक-दोनदा थांबण्याची सवयच ठेवावी.

ट्रेलरमधील अवजड सामान, पाण्याची टाकी व गॅसची टाकी शक्यतो चाकांच्या आसाजवळ व खालच्या बाजूस असावी. वजन मागे गेले, तर ट्रेलर शेपटीसारखा हेलकावू लागतो. असे झाल्यास स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नये. ते सरळ धरून ॲक्सिलरेटरवरील पाय हळूहळू काढावा. जोडणीचा गोळा, त्याची खीळ, सुरक्षा साखळ्या, मागचे दिवे व टायरांतील हवा माथ्यावर थांबून तपासावी. मोटारीच्या निर्मात्याने ओढण्याच्या वजनाची जी मर्यादा घातली असेल, ती ओलांडू नये. ट्रेलरची रीतसर नोंदणी हवीच. आणि चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही, विशेषतः मुलांनी, बसू नये.

वळण आणि समोरचा माणूस

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार डोंगराळ भागातील रस्त्याला सर्वसाधारणपणे २० मीटरांना १ मीटर इतका उतार देतात. अगदी उलट फिरणाऱ्या वळणाच्या आतील कडेची त्रिज्या किमान १४ मीटर धरलेली असते आणि तेथे वेग ताशी २० किलोमीटर गृहीत असतो. अशा वळणावर ट्रेलरची चाके मोटारीच्या चाकांमागून न जाता आतल्या बाजूने वळण कापतात. आत गटार किंवा कठडा असेल, तर ती त्यात अडकतात. म्हणून वळण रुंद घ्यावे, परंतु समोरून कोणी येत नाही याची खात्री करूनच. वेग वळणाआधी कमी करावा. वळणात जोराने ब्रेक लावल्यास ट्रेलर मोटारीला ढकलून आडवा होऊ शकतो.

अरुंद डोंगरी रस्त्यावर चढणाऱ्या वाहनास अग्रक्रम देण्याचा नियम आहे. उतरणाऱ्याने कडेला थांबावे. मागे एस. टी. गाड्या व ट्रक यांची रांग लागली असेल, तर जागा मिळताच बाजूस होऊन तिला वाट देणे हे ट्रेलरचालकाचे कर्तव्य आहे. गाडी बंद पडून चाकाखाली दगड लावावे लागले, तर निघताना ते रस्त्यातून उचलून ठेवावेत. मागे राहिलेला असा एक दगड रात्री दुचाकीस्वाराचा बळी घेऊ शकतो.

पावसाळ्यात ट्रेलरने घाट उतरण्याचा बेत शक्यतो टाळावाच. आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. धुके, निसरडा रस्ता व कोसळणाऱ्या दरडी यांपुढे उत्तम चालकाचेही कौशल्य थिटे पडते. निघण्यापूर्वी घाट वाहतुकीस खुला आहे किंवा नाही, याची चौकशी करावी.

शेवटचे काही किलोमीटर

घाट संपला म्हणजे प्रवास संपला, असे नाही. महामार्ग सोडून गावाकडे वळले की दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मध्ये जेमतेम एका गाडीचा रस्ता आणि ओढ्यावरील अरुंद मोऱ्या लागतात. तेथे ट्रेलर मागे घेण्याचा प्रसंग आला, तर नवख्याची तारांबळ उडते. स्टिअरिंग ज्या बाजूस वळवावे, त्याच्या उलट दिशेस ट्रेलर वळतो. याचा सराव मोकळ्या मैदानात आधीच करावा. मुक्कामाची जागा निश्चित करताना यजमानाकडून रस्त्याची रुंदी विचारून घ्यावी.

आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगातील ठराविक तिथीवर नसते. ती देवीच्या कौलाने ठरते. त्या दिवसांत मुंबईकर चाकरमान्यांसह लाखो भाविक मसुऱ्याच्या वाटांवर लोटतात. त्या गर्दीत ट्रेलर घालणे म्हणजे सर्वांचीच वाट अडविणे होय. तो आधीच एखाद्या प्रशस्त ठिकाणी ठेवून पुढे एस. टी.ने जावे, हेच श्रेयस्कर.

फिरते घर घेऊन येणारा पाहुणा कोकणास हवाच आहे. त्याच्या मुक्कामाने गावातील खाणावळीला, मासळी विकणाऱ्या बाईला व होडीवाल्याला चार पैसे मिळतील. पण घाटाचा रस्ता त्याचा एकट्याचा नाही. समोरून चढणारी एस. टी., तीतील शाळकरी मुले आणि कडेने चालणारा गुराखी यांचीही सुरक्षितता त्याच्या हाती असते. माथ्यावर पाच मिनिटे थांबून जोडणी तपासणारा व खालचा गिअर टाकून सावकाश उतरणारा चालकच स्वतःसह या सर्वांना सुखरूप घरी पोहोचवितो.