वृद्ध श्वानांची स्मृती आणि पूरक आहार

रात्री दोनच्या सुमारास तेरा वर्षांचा कुत्रा उठतो, घरभर येरझारा घालतो आणि दार उघडेल या आशेने बिजागरीच्या बाजूस तोंड करून उभा राहतो. अंगवळणी पडलेली शिस्त विसरून घरातच घाण करतो. ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून घरची मंडळी हताश होतात. क्वचित त्याला घराबाहेरही काढले जाते. वस्तुतः हा मेंदूचा विकार असू शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अकरा-बारा वर्षांच्या २८ टक्के, तर पंधरा-सोळा वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत याचे किमान एक लक्षण आढळले.

वार्धक्यात कुत्र्याच्या मेंदूत बीटा-अमायलॉइड हे प्रथिन साचते. माणसाच्या अल्झायमर विकारातही हेच घडते. शिवाय ग्लुकोजपासून शक्ती मिळविण्याची मेंदूची क्षमता घटते. मध्यम साखळीच्या मेदाम्लांपासून यकृतात तयार होणारी कीटोन द्रव्ये ही उणीव काही अंशी भरून काढतात. वृद्ध बीगल कुत्र्यांना आठ महिने असे ५.५ टक्के मेद असलेले अन्न दिले असता शिकण्याच्या चाचण्यांत ते सरस ठरले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून घरचे खोबरेल ओतावे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. खोबरेलात लॉरिक आम्ल अधिक असते आणि जादा तेलाने कुत्र्यास हगवण लागते.

टोरोंटो विद्यापीठाचे नॉर्टन मिल्ग्रॅम व त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला दोन वर्षांचा प्रयोग अधिक बोलका आहे. ई व क जीवनसत्त्वे, कार्निटिन, लिपोइक आम्ल, पालक, टोमॅटो, गाजर यांनी युक्त आहार काही बीगल कुत्र्यांना देण्यात आला. काहींना सोबती, खेळणी, फेरफटका व नवे शिकण्याची संधी मिळाली. दोन्ही लाभलेल्या कुत्र्यांची प्रगती सर्वांत चांगली होती. दिवसभर साखळीस बांधलेल्या कुत्र्यापुढे महागडी गोळी टाकणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

माशाच्या तेलातील डीएचए मेंदूस उपयुक्त मानले जाते. परंतु त्याऐवजी कॉडलिव्हर तेल देऊ नये. त्यातील अ व ड जीवनसत्त्वे शरीरात साचून अपाय करतात. माणसांसाठीच्या चघळण्याच्या गोळ्यांत झायलिटॉल असेल, तर ते कुत्र्यास विषारी असते. घरात मांजर असल्यास लिपोइक आम्लाच्या गोळ्या कुलुपात ठेवाव्यात; तिला अल्प मात्राही बाधते.

मुळात हे सारे विकत घेण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घेणे अगत्याचे होय. बहिरेपणा, मोतीबिंदू, सांधेदुखी, मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह यांतही कुत्रा असाच भांबावतो, आणि त्यांवरील उपचार वेगळे असतात. पूरक द्रव्य सुरू केल्यावर तो किती रात्री उठला, याची दिनदर्शिकेवर खूण करावी. दोन महिन्यांनी डॉक्टरांना ती दाखवावी. दरम्यान, त्याचे अंथरूण व पाण्याचे भांडे नेहमीच्या जागेवरून हलवू नये आणि रात्री एक मंद दिवा तेवता ठेवावा.