तिकीट काढण्याआधी

सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदवाला परदेशी बाजार बघायला निघाला की पहिला फोन ट्रॅव्हल एजंटला जातो. निर्यातीचे कागद बघणं हे माझं काम, म्हणून दुसरा फोन मला येतो.

यंदा एका शेठना मोरोक्को खुणावत होता. दुबईत सगळी सांगली, निजामाबाद आणि इरोड एकमेकांचा भाव पाडायला बसलेली. त्यापेक्षा थेट कॅसाब्लांका बघू, असा त्यांचा विचार. विचार बरोबर होता. मोरोक्कोची हळद बाहेरून येते आणि हरीरा, ताजीन या रोजच्या पदार्थांत ती पडते. कुठला देश कुणाकडून किती हळद घेतो, हे जिनिव्हाच्या ‘ट्रेड मॅप’ या संकेतस्थळावर हळदीचा ०९१०३० हा कोड टाकला की दिसतं. जे घरबसल्या कळतं, ते विचारायला विमानाचं भाडं घालवू नये.

“फेब्रुवारीत जातो साहेब. नवा माल पण आलेला असतो.”

“शेठ, २०२७ च्या फेब्रुवारीत तिकडे रमजान आहे. दुपारी भेटणार कोण तुम्हाला?”

रमजानात मोरोक्को घड्याळही एक तास मागे घेतो. एरवी आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार तास, तेव्हा साडेपाच. शुक्रवारी दुपारी नमाज आणि कुसकुसचं जेवण. त्या वेळी भेट ठेवली तर ती वाया गेलीच म्हणून समजा. आम्ही सप्टेंबर धरला.

मग सॅम्पल. यावर शेठच्या मुलाने खरी मेहनत घेतली. एकाच लॉटच्या पाच पोत्यांतून मूठ मूठ हळकुंडं काढली, टेबलावर पसरली, कणी आणि गड्डा बाजूला केला. एक हळकुंड हातोडीने फोडलं. आतला रंग केशरी, पण मध्यभागी फिकट रेघ. दुसरं फोडलं, तसंच. त्याने तो लॉट मुकाट्याने परत बांधला आणि दुसरा उघडला. निवडलेल्या मालाच्या पिशव्या सील केल्या. प्रत्येकीवर लॉट नंबर, ओलावा, कुरकुमिनचा प्रयोगशाळेने दिलेला आकडा. तेवढ्याच पिशव्या इथल्या कपाटात. उद्या तिकडून ‘दाखवलं एक, पाठवलं दुसरं’ असा वाद आला तर हीच पिशवी बोलते. सोबतच्या इन्व्हॉइसवर ‘विक्रीसाठी नाही, फक्त नमुना’ असं लिहून घेतलं.

फिरायचं कुठे? मराकेशच्या मसाल्यांच्या गल्ल्या फोटोसाठी छान, पण तिथला गिऱ्हाईक पर्यटक. काम कॅसाब्लांकातच आहे : दर्ब ओमरची घाऊक पेठ, मग मारजान सुपरमार्केट. तिथे पाकीट उचलून वजन, किंमत आणि पॅक करणाऱ्याचं नाव टिपायचं. भेटायच्या लोकांची निम्मी यादी त्या फळीवरच मिळते. रेल्वेने तासाभरावर रबात. तिथे आपल्या दूतावासात व्यापार विभागाची वेळ आधी घेऊन ठेवायची, आणि अन्नसुरक्षेच्या ‘ओन्सा’ या सरकारी कार्यालयाचे नियम त्यांच्याकडून समजून घ्यायचे. दुभाषा फ्रेंचचा, आणि पैसे आपण देऊन ठेवलेला. खरेदीदाराचा भाचा फुकट मदतीला आला, तर तो मामाच्याच बाजूने भाषांतर करणार.

पहिल्याच फेरीत कुणी कंटेनरची ऑर्डर घेऊन आला की मला धास्ती वाटते. उधारीवर मागणारा लगेच ऑर्डर देतो. नाव-पत्ता घेऊन यावं, निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या ईसीजीसीकडे त्या पार्टीची उधारीची मर्यादा मागावी, मगच भाव पाठवावा.

आणि सॅम्पल गेल्या हंगामाच्याच मालाचं न्यावं. लाल समुद्रातल्या हल्ल्यांनंतर २०२३ च्या अखेरीपासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. त्या हिशेबाने रमजानची मागणी धरायची तर कंटेनर नोव्हेंबरातच न्हावा शेवातून निघाला पाहिजे. तेव्हा नवी हळद शेतात उभी असते. विकायला असतो तो कोल्ड स्टोरेजमधला साठाच.