किटुबा आणि फ्रेंच : एका नजरेत

किटुबा : किकोंगो या बांटू भाषेवर आधारलेली क्रिओल, म्हणजे संपर्कातून घडून मातृभाषा बनलेली भाषा. दुसरी नावे : मुनुकुटुबा, किकोंगो या लेता.

फ्रेंच : लॅटिनमधून उगम पावलेली रोमान्स भाषा.

कुठे : काँगो प्रजासत्ताक (राजधानी ब्राझाव्हिल) आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक (राजधानी किन्शासा). पहिला देश फ्रान्सपासून, दुसरा बेल्जियमपासून 1960 मध्ये स्वतंत्र झाला. दोन्हीकडे राजभाषा फ्रेंच. ब्राझाव्हिलच्या राज्यघटनेत ‘लिंगाला’ ही भाषा आणि किटुबा यांना राष्ट्रीय संपर्कभाषांचा दर्जा.

लिपी : दोन्हींची रोमन.

भाषांतर करताना लक्षात ठेवण्याचे फरक

- लिंग : फ्रेंच नामे पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी. किटुबात व्याकरणिक लिंग नाही. ‘तो’ आणि ‘ती’ दोघांसाठी ‘यांदी’. फ्रेंचमध्ये नेताना लिंग संदर्भावरून ठरवावे लागते.
- क्रियापद : फ्रेंचमध्ये पुरुष-वचनानुसार रूप बदलते. किटुबात बदलत नाही : ‘मोनो के दिआ’ (मी खातो/खाते), ‘बेतो के दिआ’ (आम्ही खातो).
- अनेकवचन : फ्रेंचमध्ये बहुधा शब्दाच्या शेवटी खूण. किटुबात सुरुवातीला : ‘मुंतु’ (माणूस), ‘बंतु’ (माणसे).
- नकार : प्रमाण फ्रेंचमध्ये क्रियापदाच्या दोन्ही बाजूंना ‘न’ आणि ‘पा’. किटुबात सहसा वाक्याच्या शेवटी ‘वे’ : ‘मोनो के दिआ वे’ (मी खात नाही).
- उसने शब्द : किटुबात फ्रेंचबरोबर पोर्तुगीज शब्दही आहेत. ‘मेसा’ (टेबल) हा पोर्तुगीजमधून आला.