आधी मीटर रूम, मग चार्जर

विजेवरची गाडी घ्यायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न निघतो, 'चार्जिंगचं काय?' आणि डोळ्यांपुढे पेट्रोल पंपासारखं झगमगीत काहीतरी उभं राहतं. वीजकंपन्याही फीत कापायला अशाच जागा शोधतात. पण घरची गाडी दिवसाचे वीस-बावीस तास उभीच असते, त्यातही बराच वेळ इमारतीखाली. तिला अर्ध्या तासात पोटभर वीज हवी कशाला? रात्रभरात निवांत मिळाली तरी पुरते. त्यामुळे वीज पुरवणाऱ्या संस्थेचं खरं काम जिन्याखालच्या त्या कोंदट मीटर रूममध्ये आहे.

मुंबईचंच घ्या. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीज देते बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा. बेस्टला हा विषय काही नवा नाही. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हापासून वायर आणि वाहन एकाच घरात नांदत आले आहेत. आज बेस्टच्या डेपोंत विजेच्या बस चार्ज होतात. डेपोचं गणित त्यातल्या त्यात सोपं असतं. बस कधी येणार, कधी सुटणार हे वेळापत्रकातच असतं. तेवढा भार मांडायचा आणि उच्चदाबाची स्वतंत्र जोडणी घ्यायची. अवघड आहे ते दादर-गिरगावातल्या जुन्या इमारतींचं, कारण तिथे कोण कधी प्लग खोचेल याचं वेळापत्रक कोणाकडेच नसतं.

हिशेब करून बघू. रोज चाळीसेक किलोमीटर फिरणाऱ्या छोट्या मोटारीला साधारण सहा युनिट वीज लागते. रात्रभर एसी लावणाऱ्या घराला याचं काही विशेष वाटणार नाही. आता एका इमारतीत अशा ३० मोटारी धरा, प्रत्येकीला सात किलोवॉटचा चार्जर. माणसं कामावरून आठच्या सुमाराला येणार, गाडी लावणार, प्लग खोचून वर जाणार. तीस साते दोनशे दहा. म्हणजे एकदम २१० किलोवॉट, आणि तेही लिफ्ट, पंप आणि एसी चालू असताना. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर ६३० केव्हीएचा असेल, तर त्याचा जवळपास तिसरा हिस्सा एकाच इमारतीच्या गाड्यांनी खाल्ला. आजूबाजूच्या चाळींनी काय करायचं?

आता त्याच गाड्यांना तेवढेच १८० युनिट रात्री अकरा ते सकाळी सात या आठ तासांत वाटून द्या. सरासरी भार येतो साडेबावीस किलोवॉट. फक्त घड्याळ बदललं, आणि नवा ट्रान्सफॉर्मर बसवायचा खर्च टळला! इमारतीचा एकूण भार वाढला की चार्जरचा वेग आपोआप कमी करणारी यंत्रणा आता मिळते. वीजकंपनीने सोसायटीला नवा भार मंजूर करतानाच ती बसवायला लावावी, असं माझं स्पष्ट मत आहे. माणसांच्या शिस्तीवर सोडलं तर प्लग आठलाच खोचला जाणार.

दुसरं हत्यार म्हणजे दर. केंद्राने २०२३ साली नियम बदलून वेळेनुसार वीजदर आणायचे ठरवले. सूर्य तळपत असताना वीज स्वस्त, मागणी चढलेली असताना महाग. इथे मात्र एक गुंता आहे. गल्लीतल्या वायरीला मध्यरात्र सोयीची आणि राज्याच्या ग्रिडला दुपार, कारण सौरवीज तेव्हाच भरपूर असते. म्हणून नरिमन पॉइंट किंवा बीकेसीतल्या कार्यालयांच्या तळघरात संथ चार्जर लावणं घरच्याइतकंच मोलाचं आहे. याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

घरच्या मीटरवर गाडी चार्ज केली की आणखी एक फटका बसतो. आपल्याकडे १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर दर चढतो. महिन्याला दीडशे-पावणेदोनशे युनिट वाढले की घरातल्या फ्रिज-एसीचे काही युनिटही वरच्या टप्प्यात जातात. राज्याच्या वीज नियामक आयोगाने चार्जिंगसाठी वेगळा दर ठेवला आहे, आणि २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार गाडीसाठी स्वतंत्र जोडणीही मागता येते. महानगरात नवी जोडणी तीन दिवसांत द्यावी, असंही तिथे म्हटलं आहे.

कागदावर तीन दिवस. प्रत्यक्षात मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतच्या केबलवर घोडं अडतं. तुमचं वीजबिल काढून 'मंजूर भार' हा रकाना बघा. जुन्या दोन खोल्यांच्या घराला तो दोन-तीन किलोवॉट असला तर एका सात किलोवॉटच्या चार्जरपुढे त्याचं काय चालणार? मग सेक्रेटरी म्हणतो, परवानगी देता येत नाही. सभासद म्हणतो, माझी गाडी, माझे पैसे. दोघांच्या भांडणात वीजकंपनीने पडावं. इमारतीत अजून किती किलोवॉट मावतील हे तपासून एका कागदावर लिहून द्यावं. शिवाय प्रत्येकाने आपापली वायर भिंतीवरून ओढण्यापेक्षा सोसायटीने एकच जाड केबल पार्किंगमध्ये न्यावी आणि प्रत्येक जागेला छोटा मीटर द्यावा, हे गळी उतरवावं. कंपनीच्या इंजिनीअरने सांगितलेलं लोक ऐकतात. सेक्रेटरीचं नाही ऐकत.

ज्यांची गाडी रस्त्यावरच उभी राहते त्यांचं काय? लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरच्या सदरलँड अव्हेन्यूवर २०२० साली दिव्यांच्या खांबांतच चार्जर बसवले. मुंबई शहरात रस्त्यावरचे दिवे बेस्टच सांभाळते, म्हणजे खांब, केबल आणि बिल सगळं एकाच हाती. एलईडी आल्यावर दिव्याची वीजही कमी झाली. अर्थात त्या उरलेल्या भारात मोटार भागणार नाही, फार तर डिलिव्हरीवाल्या पोराची स्कूटर. आधी तिचीच सोय करावी, कारण तिच्यावर त्याचं पोट आहे.

आणि सध्या जिकडेतिकडे पुनर्विकास चालू आहे. बिल्डरशी करार करताना सभासद चटईक्षेत्र, कॉर्पस आणि भाड्यासाठी महिनोन्‌महिने घासाघीस करतात. त्यात पार्किंगपर्यंतचे केबलचे पाइप, मीटर रूममधली रिकामी भिंत आणि सबस्टेशनची ऐसपैस जागा, एवढं मात्र क्वचितच कोणी मागतं. नव्या इमारतीला जोडणी देण्याआधी वीजकंपनीने या तीन गोष्टी पाहाव्यात आणि नसतील तर फाइल परत पाठवावी. बिल्डर कुरकुरेल.